न झालेले मासे

तलावात मासे वाढवायचे असतील तर माशांच्या आधी पाणी तयार करावं लागतं. मे महिन्यात तळ उघडा पडला की चुना मारायचा, पहिल्या पावसानंतर शेणखत टाकायचं आणि वाट बघायची. आठ-दहा दिवसांत पाण्यावर हिरवट-तपकिरी झाक येते. ही झाक म्हणजे प्लवंग, नुसत्या डोळ्यांना सुटं न दिसणारं शेवाळ आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव. ती आली की बोटुकली सोडायची. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी वसईला परत आले, त्यानंतरचं माझं सगळं कामाचं आयुष्य पाण्याच्या या रंगाकडे बघण्यात गेलं. ग्रामपंचायतीचे तलाव ठेक्याने घेणारे गट, बचतगट, एखाददुसरा शेततळ्याचा मालक, अशांना मत्स्यबीज पुरवायचं, वाढ तपासायची आणि काही बिनसलं तर का बिनसलं ते शोधायचं, हे माझं काम.

नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही, म्हणून सोबत सेकी चकती असते. २० सेंटीमीटर व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली, मध्यभागी दोरी. पाण्यात सोडायची आणि ज्या खोलीला ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूंनी, जे खगोलशास्त्रज्ञही होते, १८६५ साली भूमध्य समुद्रात ही पद्धत वापरली आणि आजही तलावावर तिच्याइतकं साधं आणि भरवशाचं साधन नाही. कटला-रोहूच्या तलावात चकती साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी चांगलं समजायचं. त्याहून खोल दिसत राहिली तर पाण्यात खाद्य नाही. फार लवकर दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त झालं, खत थांबवायचं.

पण चकती एवढंच सांगते की उजेड कुठवर पोचतो. तो कुणी अडवला, शेवाळाने की आणखी कशाने, हे ती सांगत नाही.

वसई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महामार्गाच्या पश्चिमेची वसई येते. केळीच्या वाड्या, किल्ला, निर्मळचं तळं, समुद्र. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी भातखाचरं, वारली-कातकऱ्यांचे पाडे, आगरी आणि कुणबी गावं, आणि दगडखाणी. कामण-पोमणच्या बाजूने भिवंडीकडे निघालात तर रस्त्याकडेच्या झाडांची पानं राखाडी दिसतात, त्यावरून क्रशर कुठे असतील ते कळतं. डोंगर सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला काळा बेसाल्ट. काँक्रीटला हाच दगड, रस्त्याला हाच, रेल्वेच्या रुळांखालीही हाच. २००९ साली इथे महापालिका झाली, पण शहर त्याच्या कितीतरी आधीपासून उभं राहत होतं आणि अजून राहतंच आहे. मी राहते ती इमारतही याच खडीची. खडीच नको, असं माझं म्हणणं नाही.

कायद्याच्या भाषेत हा दगड म्हणजे गौण खनिज. खाणीतून निघालेला माल ब्रासमध्ये मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि त्यावर सरकारला स्वामित्वधन भरावं लागतं. म्हणजे दगडाचा हिशेब असतो. दगड फोडताना जी भुकटी होते तिचाही थोडा हिशेब लागतो, कारण आता वाळूऐवजी ती विकली जाते. पण ढिगावरून उडालेली, रस्त्यावर सांडलेली, चाळणीखालून नाल्यात गेलेली भुकटी कुणाच्याच वहीत नसते. ती कुठे जाते हे मला माहीत आहे. ती तलावात येते.

ज्या तलावाविषयी मी लिहिते आहे त्याचं आणि गावाचं नाव देत नाही. बायकांचा एक बचतगट तिथे अजून ठेका चालवतो आणि त्यांच्या घरातली निम्मी माणसं वरच्या खाणींवर कामाला जातात. तलाव जुना, गावाच्या वरच्या अंगाला, एका बाजूला दगडी पायऱ्या आणि तीन बाजूंनी उतरती मातीची कड. दोन ओढे त्याला पाणी देतात. मी तिथे जायला लागले तेव्हा वरती एक लहानशी खाण होती, हातोड्याने दगड फोडण्याइतपत. तलावात हायड्रिला होती, कडेला कमळं होती, टिबुकली बुड्या मारायची आणि कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालायचा. पुढे वरती मोठ्या खाणी आल्या, मग क्रशर आले.

पहिला बदल माझ्या लक्षात आला तो पावसाळ्याच्या तोंडी. पहिल्या पावसाचं पाणी गढूळच असतं, त्यात नवल नाही. आपल्याकडची तांबूस माती दोन-चार दिवसांत बसते आणि पाणी निवळतं. या वेळी पाणी राखाडी होतं आणि ते निवळेना. जुलै संपत आला तरी चकती दहा सेंटीमीटरच्या आतच दिसेनाशी व्हायची. पाण्याची एक बाटली भरून मी घरी आणली आणि खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तळाशी जाडसर राखाडी थर बसला, पण वरचं पाणी तसंच धुरकट राहिलं. हिशेब साधा आहे. बेसाल्टचा दोन मायक्रॉनचा कण मीटरभर खाली उतरायला दोन-तीन दिवस घेतो, अर्ध्या मायक्रॉनचा महिन्याहून अधिक, आणि तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. आमच्या पावसाळ्यात पाणी निश्चल कुठलं? जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. प्रत्येक सरीबरोबर वरून नवा माल येतो आणि वाऱ्याने खालचा वर येतो.

त्या वर्षी जाळं ओढलं तेव्हा मासे निघाले, पण हाताला लागले तसे हलके वाटले. मी एका रोहूच्या कल्ल्यावरचं झाकण उचललं. निरोगी माशाचा कल्ला डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल आणि ओला असतो, पापुद्रा पापुद्रा वेगळा दिसतो. इथे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले, वर मळकट बुळबुळीत लेप. तो लेप अंगठा आणि बोटात धरून चोळला तर कचकच लागली. कणांचा त्रास व्हायला लागला की मासा स्वतःला वाचवण्यासाठी कल्ल्यांवर जास्त चिकटा सोडतो, त्या चिकट्यात आणखी कण अडकतात आणि पाण्यातला प्राणवायू रक्तात जायची वाट अरुंद होते. मासा मरत नाही. जगायलाच त्याची इतकी ताकद जाते की वाढायला काही उरत नाही.

सर्वांत मागे पडला कटला. हे अपेक्षितच होतं. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं खाणं प्राणी-प्लवंग. प्राणी-प्लवंगाचं खाणं शेवाळ, आणि शेवाळाला हवा उजेड. रोहू मधल्या थरात काहीबाही खाऊन निभावून नेतो. मृगळ तळाशी चरतो, पण तळावर कुजकं खाद्य असायला हवं, इथे तळावर दगडाच्या पिठाचा थर होता. माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्याचा थेंब घेतला की पूर्वी डॅफ्निया उड्या मारताना दिसायच्या, रोटिफर चाकं फिरवत जायचे. आता कोनाकोनाचे काळपट, पारदर्शक तुकडे दिसायचे आणि त्यांच्यामधून एखादा जीव वाट काढताना.

तरीही कटला-रोहू हे या गोष्टीतलं मुख्य नुकसान नव्हे, हे समजायला मला आणखी काही हंगाम जावे लागले. आपल्याकडचे हे मोठे कार्प साचलेल्या पाण्यात वितच नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवून आणलं, म्हणून आज देशभर १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात आणि म्हणूनच माझ्यासारखीला पिशव्यांत प्राणवायू भरून बीज पोचवण्याचं काम मिळालं. हे मासे दरवर्षी विकत आणून सोडायचे असतात. कमी वाढले तर तोटा होतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा सोडता येतात. जे मासे कुणी विकत आणत नाही, जे तलावात आपले आपण होतात, त्यांचं काय?

मरळ पाणवनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालतो. अंडी तरंगतात, नर-मादी त्यांच्यावर पहारा देतात आणि पिल्लं झाली की त्यांचा लालसर पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरताना दिसतो. गावातली पोरं तो पुंजका बघून सांगायची की खाली मोठा मरळ आहे, पाय घालू नका. खवल्या आपली चिकट अंडी पाण्यातल्या पानांना डकवतात. शिंगट्यांची पिल्लंही त्याच हिरव्या दाटीत लपून वाढतात. उजेड गेला तेव्हा पहिली हायड्रिला गेली. अंडी चिकटवायला पान राहिलं नाही, जिथे कुठे घातली तिथे त्यांच्यावर भुकटीचा थर बसला आणि आतल्या जिवाला प्राणवायू मिळेना. जी पिल्लं बाहेर आली त्यांना डोळ्यांनी भक्ष्य शोधायचं होतं, आणि समोर बोटभर अंतरावरचंही दिसत नव्हतं.

यातलं काहीही मरताना दिसत नाही. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत नाहीत, वास सुटत नाही, कावळे जमत नाहीत. मोठा मरळ वर्षानुवर्षं जगतो, तोवर गळाला अधूनमधून लागत राहतो आणि लोक म्हणतात, आहेत की मासे. गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकींना मी एकदा विचारलं, की एवढे मासे गेले कुठे, मेलेले कधी बघितले का. त्या पायरीवर जाळं वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "ताई, मेला असता तर दिसला असता ना. मेला नाय तो. झालाच नाय."

इतकं नेमकं निदान मला कुठल्या अहवालात वाचायला मिळालेलं नाही.

त्यांचं म्हणणं खरं आहे हे तलावानेच दाखवून दिलं, आणि तेही माशांनी नव्हे, शिंपल्यांनी. एका उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तेव्हा आम्ही उथळ भागातला गाळ हाताने चाळला. गोड्या पाण्यातला मोठा शिंपला पुष्कळ वर्षं जगतो आणि त्याच्या कवचावर वाढीच्या रेघा उमटतात. आम्हाला तळहाताएवढे शिंपले सापडले, जुने, कवचं झिजलेली, काही जिवंत, काही नुसती टरफलं. नखाएवढा एकही नव्हता. या शिंपल्यांची पिल्लं जन्मल्यावर काही दिवस माशांच्या कल्ल्यांना धरून राहतात, तिथून सुटून तळावर पडतात आणि मग स्वतंत्र वाढतात. म्हणजे त्यांना आधी निरोगी कल्ला हवा आणि नंतर मऊ, श्वास घेता येईल असा तळ हवा. दोन्ही राहिलं नव्हतं. गावात घरं असावीत, घराघरांत म्हातारी माणसं असावीत आणि एकही मूल नसावं, तसा तो तळ होता.

पक्ष्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. टिबुकली पाण्याखाली बुडी मारून डोळ्यांनी मासा पकडते, ती सगळ्यांत आधी गेली. खंड्या तारेवर बसायचा आणि कितीतरी वेळ सूर न मारता बसून राहायचा. वंचक टिकला, कारण तो कडेला बेडूक-किडे टिपतो. कमळपक्षी कमळांबरोबर गेला.

वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. आमच्या पट्ट्यात पहिल्या जोरदार पावसात वलगण चढते. खाडीतून, नदीतून, ओढ्यातून मासे उलटे वर येतात, शेतात शिरतात, तलावात शिरतात आणि अंडी घालतात. वर्षाची सगळी नवी पिढी त्या थोड्या दिवसांवर अवलंबून असते. आणि क्रशरच्या आवारात, रस्त्यांवर, झाडांवर आठ महिने साठलेली भुकटी धुऊन निघते तीही नेमकी त्याच दिवसांत. पाडे-गावांत लोक वलगणीच्या माशांची वर्षभर वाट बघतात. ओढ्यावर पाग घेऊन उभा असलेला एक म्हातारा बाबा मला सांगत होता, की पूर्वी पहिल्या पावसाच्या रात्री कंदील घेऊन निघालं की ओढ्याचा आवाजच वेगळा यायचा, माशांच्या शेपट्यांचा. आता ओढ्याच्या तोंडाशी राखाडी पाणी बघूनच मासा फिरतो, असं त्यांचं मत. मासा खरंच फिरतो की आत येऊन अडकतो हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण त्यांच्या जाळ्यात काही येत नाही हे मी बघितलं आहे.

गटाने तक्रार केली. एका कार्यालयातून माणसं आली, पाण्याचे नमुने घेऊन गेली. महिना फेब्रुवारीचा होता. तोवर पाणी बरंचसं निवळलेलं असतं. अहवालात सामू ठीक, जैविक ऑक्सिजन मागणी ठीक, जड धातू नाहीत. पाणी मर्यादेत आहे. अहवाल खोटा नव्हता. त्यात विचारलेले प्रश्नच वेगळे होते: पाणी विषारी आहे का, सांडपाणी मिसळलं आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असंच होतं. नंतर नुकसानभरपाईचा विषय निघाला तेव्हा काकींना सांगण्यात आलं, की मेलेले मासे दाखवा, पंचनामा करू. जे झालेच नाहीत त्यांचा पंचनामा कसा करायचा, हे त्यांनी मला परतीच्या रिक्षात विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

खरं म्हणजे याचं शास्त्र जुनं आहे. युरोपच्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय सल्लागार आयोगाने १९६४ सालीच तरंगत्या बारीक कणांविषयी माशांच्या बाजूने विचार करून पट्टे आखून दिले होते. लिटरला २५ मिलिग्रॅमपर्यंत मत्स्यजीवनाला बाधा नाही. २५ ते ८० पर्यंत मासेमारी बऱ्यापैकी टिकते, उत्पन्न थोडं घटू शकतं. ८० ते ४०० मध्ये चांगली मासेमारी टिकणं अवघड, आणि ४०० च्या वर फार तर नावापुरती. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांत नदी-तलावात सोडायच्या सांडपाण्यासाठी तरंगत्या कणांची सर्वसाधारण मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. सोडायच्या पाण्याची मर्यादा आणि तलावातल्या पाण्याची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मोठ्या नदीत मिसळून ते विरळ होतं, हे मला मान्य आहे. पण दोन ओढ्यांवर भरणाऱ्या गावतलावात विरळ कशाने होणार? आणि खाणीतून येणारं पाणी पाइपातून येत नाही, पावसाबरोबर उतारावरून येतं. त्यामुळे ते कुणाच्या लेखी सांडपाणी ठरतच नाही. क्रशरवरची देखरेखही मुख्यतः हवेतल्या धुळीची: पत्र्याचं आच्छादन हवं, पाण्याचे फवारे हवेत, वारा अडवणारी भिंत हवी. फवाऱ्याने दाबलेली धूळ ओली होऊन कुठे वाहत गेली, हा पुढचा प्रश्न तिथेच राहून जातो.

खाणींचं पाणी सगळीकडे सारखं नसतं. कोळशाच्या थरांत पायराईट असतं, हवापाण्याशी गाठ पडली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि ते दगडातले धातू विरघळवतं. तिथे मासा खरोखर विषाने मरतो. गोव्यात डिचोली-सत्तरीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात डंपवरून उतरणारा लाल गाळ शेतांत आणि पाण्यात जातो. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द ठरवल्या. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात २९ जुलै २०२१ रोजी खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत शिरला. लाल पाणी फोटोत दिसतं, फुटलेला बांध बातमीत येतो. आमच्या काळ्या दगडातून ना आम्ल निघतं ना लाल रंग. पावसाळ्यात थोडं राखाडी पाणी एवढंच, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ असतंच, असं म्हणून कुणीही पुढे जाऊ शकतं.

हाच डोंगर पश्चिमेलाही येतो, दगड म्हणून नव्हे, भराव म्हणून. माझं माहेर महामार्गाच्या त्या बाजूला, वाडीत. आमच्या घरामागे बावखल होतं. वसईच्या बाहेरच्या वाचकासाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीच्या जवळ, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या बावखलांनी जमिनीत गोडं पाणी जिरवून खाऱ्या पाण्याला दाबून धरलं म्हणून. त्यात शिंगट्या होत्या, बेडूक होते, चतुरांच्या अळ्या होत्या, आणि लहानपणी मी पहिला मासा पकडला तो तिथेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जी चळवळ उभी केली, तिच्यामागे पाणी आणि वाड्या वाचवण्याचीच तळमळ होती. तरीही बावखलं एकामागून एक बुजत गेली. बुजवायला माती लागते, मुरूम लागतो. तो पूर्वेच्या टेकड्यांतून डंपरने येतो. म्हणजे डोंगराचा दगड काढताना वरच्या तलावात भुकटी जाते आणि डोंगराची कातडी सोलून निघालेला मुरूम खालच्या तळ्यात ओततात. दोन्हीकडचं पाणी मी बघत असल्यामुळे मला हे वेगळे प्रश्न वाटत नाहीत. मात्र त्यांच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर असतात.

दगड काढून संपलेल्या खाणींत पाणी साठतं त्याचं अनेकांना कौतुक आहे. निळंशार, स्वच्छ पाणी, उंच कातळ, फोटो छान येतात. दर उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुलं अशा खड्ड्यांत बुडतात, म्हणून त्या निळ्या पाण्याकडे मला शांतपणे बघता येत नाही. जिवंत तलावाला उतरती कड लागते. त्या वीतभर, हातभर पाण्यात वनस्पती रुजतात, अंडी लागतात, पिल्लं लपतात, बगळा उभा राहू शकतो. खाणीच्या खड्ड्याला कडच नसते, एक पाऊल कोरडं आणि दुसरं खोल पाण्यात. झारखंडच्या रामगड जिल्ह्यात कोळशाच्या बंद खाणींच्या पाण्यात पिंजरे लावून मासे वाढवतात आणि विस्थापित कुटुंबांना त्यातून रोजगार मिळाला, ही चांगली गोष्ट आहे. आपल्याकडेही करता येईल. पण पिंजऱ्यातल्या माशाला बाहेरून खाद्य घालावं लागतं. त्याला मत्स्यपालन म्हणावं, तलाव परत मिळाला असं म्हणू नये.

खाणीवर काम करणाऱ्या माणसांना मी या गोष्टीत दोष देत नाही. त्यांच्याच बायका पायऱ्यांवर कपडे धुतात, त्यांचीच पोरं तलावात पोहतात आणि संध्याकाळी घरी परतताना त्यांच्या भुवयांवर तीच भुकटी असते. खाण बंद झाली तर उद्या चूल कशी पेटेल, हा त्यांचा प्रश्न माशांच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. म्हणून गटाने खाण बंद करा अशी मागणी कधीच केली नाही.

त्यांनी वही घातली. माझी जुनी चकती मी काकींना दिली, त्यांच्या सुनेने प्लास्टिकच्या झाकणाची दुसरी बनवली. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर आणि इतर वेळी आठवड्यातून एकदा, तलावात तीन ठिकाणी मोजायचं: दोन्ही ओढ्यांच्या तोंडाशी आणि पायऱ्यांजवळ. तारीख, चकतीची खोली, पाण्याचा रंग, मरळाच्या पिल्लांचा पुंजका दिसला का, टिबुकली दिसली का. ज्या ओढ्याच्या वरती खाणी नाहीत त्याच्या तोंडाशी पाणी चार दिवसांत निवळतं आणि दुसऱ्याच्या तोंडाशी निवळत नाही, हे वहीच्या पहिल्याच हंगामाच्या पानांवरून कुणालाही वाचता येतं. फेब्रुवारीच्या नमुन्याला याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

त्या वहीचा उपयोग कायद्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सांगितलं, की पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या खाणीलाही आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल. त्या मंजुरीसाठीचे काही आराखडे मी वाचले आहेत. त्यांत जवळच्या तलावाचं अंतर मीटरमध्ये लिहिलेलं होतं, त्या तलावात काय जगतं ते नव्हतं. दुसरं म्हणजे वसई तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, हे गाव त्यांपैकी. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथे गौण खनिजाची लीज देताना ग्रामसभेची आधी शिफारस लागते आणि गावातल्या लहान जलाशयांचं व्यवस्थापनही ग्रामसभेच्या अखत्यारीत येतं. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. खाण आणि तलाव हे दोन विषय एकाच सभेपुढे आणणारी माझ्या माहितीतली ही एकमेव जागा आहे.

ग्रामसभेने ठराव केला आहे. खाणीच्या उताराला चर काढून सगळं पाणी आधी गाळ-खड्ड्यात घ्यावं, एकात नव्हे, एकापाठोपाठ दोन, म्हणजे जाड कण पहिल्यात बसतील आणि बारीक दुसऱ्यात. दोन्ही खड्डे १५ मेच्या आत उपसावेत. भुकटीचे ढीग पावसाआधी उचलावेत किंवा ताडपत्रीने झाकावेत. वलगणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या जोरदार पावसापासून पंधरा दिवस, आवार धुऊ नये. आणि लीजच्या नूतनीकरणाच्या अर्जाला तलावाच्या वहीची नक्कल जोडावी. एका खाणवाल्याने, तरुण मुलगा आहे, ठराव होण्याआधीच एक खड्डा काढला. तो लहान आहे, दुसऱ्याच मोठ्या पावसात भरून वाहतो, हे वहीत लिहिलेलं त्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "काकी, तुम्ही सांगा किती मोठा पाहिजे." आम्ही त्याच्या आवारात टेप घेऊन फिरलो, चढ-उतार पाहिला आणि त्याला आकार आखून दिला.

यंदाचा ठेका गटाने भरला आहे. मी त्यांना कटला कमी सोडायला सांगितला, रोहू जास्त. मरळाचं बीज आता विकत मिळतं, भावही चांगला येतो, तेही टाकू या का, असं मी विचारलं होतं. गटाने नको म्हणून ठरवलं. ओढ्याच्या तोंडाशी हायड्रिलाच्या काड्या रोवल्या आहेत, त्यांतल्या काही धरल्या आहेत. मरळ आपला आपण होतो का, हे त्यांना आधी बघायचं आहे.